अल्बर्टा पाहावं ते माळरानापासून: कॅलगरी ते एडमंटन, दोन आठवड्यांचा सविस्तर बेत

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात फिरायला जाणारी बहुतेक मराठी मंडळी कॅलगरीला उतरतात, गाडी ताब्यात घेतात आणि दीड तासात बॅन्फ गाठतात. तीन-चार दिवस तलाव आणि शिखरं, एक दिवस हिमनदी, मग परतीचं विमान. हा बेत वाईट मुळीच नाही, पण त्यात अर्धा प्रदेश पाहायचा राहतो. अल्बर्टाचा आग्नेय भाग म्हणजे क्षितिजापर्यंत पसरलेलं गवताळ माळरान, तिकडच्या भाषेत प्रेअरी. या माळरानाचं आणि रॉकी पर्वताचं नातं घाटमाथा आणि माणदेशासारखं आहे. पॅसिफिककडून आलेले ढग पर्वताच्या पश्चिम उतारावर रिकामे होतात आणि पूर्वेला पाऊस जेमतेम पोहोचतो. त्या कोरड्या जमिनीला जगवणाऱ्या नद्या मात्र त्याच पर्वतातल्या बर्फातून निघतात.

म्हणून माझा आग्रह असा, की माळरानापासून सुरुवात करून नदीच्या उलट दिशेनं वर जावं. कॅलगरी शहरातून वाहणारी बो नदी, ड्रमहेलरची रेड डियर नदी, एडमंटनची नॉर्थ सॅस्कॅचवान नदी, तिन्हींचे उगम बॅन्फच्या डोंगरांत आहेत. आधी खाली नदी पाहिली आणि मग वर तिचा बर्फ पाहिला, की एरवी सुटी सुटी वाटणारी ठिकाणं एकमेकांना जोडली जातात. शिवाय यात व्यवहारही आहे. भारतातून गेल्यावर पहिले चार-पाच दिवस झोपेचं वेळापत्रक विस्कटलेलं असतं. ते दिवस मोकळ्या, सपाट रस्त्यांवर आणि संग्रहालयांत घालवावेत. डोंगरात पोहोचाल तेव्हा शरीर तिथल्या वेळेला सरावलेलं असेल.

मार्ग असा: कॅलगरी, ड्रमहेलर, डायनासोर प्रोव्हिन्शियल पार्क, लेथब्रिज, वॉटरटन, कॅनमोर-बॅन्फ, जॅस्पर, एडमंटन. आसपासची भटकंती धरून गाडी साधारण दोन ते सव्वादोन हजार किलोमीटर चालते.

आधी महिना ठरवा

सगळं उघडं सापडण्याचा काळ लहान आहे, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत. उंचावरचे तलाव जूनच्या सुरुवातीपर्यंत गोठलेले असू शकतात. बॅन्फमधल्या मोरेन लेकचा रस्ता साधारण जूनमध्ये उघडतो आणि ऑक्टोबरच्या मध्यावर बंद होतो. वॉटरटनहून बॅन्फकडे जाताना लागणारी हायवुड खिंड तर १५ जूनपूर्वी उघडतच नाही.

जुलैच्या सुरुवातीला कॅलगरीत स्टॅम्पीड भरतो. १९१२ साली सुरू झालेला हा दहा दिवसांचा उत्सव म्हणजे काउबॉय, रोडिओ, घोडागाड्यांच्या शर्यती आणि गावभर चौकाचौकात फुकट मिळणारा पॅनकेकचा नाश्ता. तो पाहायचाच असेल तर त्याच तारखा धरा, पण हॉटेलांचे भाव त्या काळात खूप चढतात. पाहायचा नसेल तर ते दहा दिवस कॅलगरीत राहू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर येऊ शकतो. एखाद्या वर्षी आकाश महिनाभर निळं असतं, तर एखाद्या वर्षी समोरचं शिखरसुद्धा दिसत नाही. त्याची खात्री कुणीच देऊ शकत नाही, म्हणून डोंगरातले दिवस थोडे जास्त ठेवावेत. निवड माझ्यावर सोपवलीत तर मी जूनचा शेवटचा आठवडा किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सुचवेन. जूनअखेरीला सूर्यास्त रात्री दहाच्या आसपास होतो, त्यामुळे दिवस संपता संपत नाही. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात लार्च झाडं सोनेरी होतात आणि ती पाहायला तितकीच गर्दीही लोटते.

बुकिंगचा क्रम

सर्वात आधी व्हिसा. भारतीय पासपोर्टवर व्हिजिटर व्हिसा लागतो; शुल्क १०० कॅनेडियन डॉलर, बोटांचे ठसे आणि फोटोसाठी आणखी ८५. निर्णयाला किती दिवस लागतील ते सतत बदलतं, म्हणून परत न मिळणारी तिकिटं व्हिसा हातात येण्याआधी काढू नका.

त्यानंतर लगेच डोंगरातला मुक्काम. बॅन्फ, लेक लुईस, जॅस्पर आणि वॉटरटन ही गावं राष्ट्रीय उद्यानांच्या हद्दीत असल्यामुळे त्यांची वाढ कायद्यानं रोखलेली आहे, खोल्या मोजक्याच. उन्हाळ्यासाठी सहा-आठ महिने आधी बघा. बॅन्फ परवडत नसेल तर उद्यानाच्या हद्दीबाहेर, पंचवीस किलोमीटरवर कॅनमोर आहे. कुटुंबासाठी मी कॅनमोरच सांगेन, कारण तिथे स्वयंपाकघर असलेल्या सदनिका भाड्यानं मिळतात. दिवसभर फिरून आल्यावर कुकर लावून वरणभात करता येणं ही शाकाहारी माणसासाठी, आणि बरोबर आई-बाबा असतील तर त्यांच्यासाठी, फार मोठी सोय असते. माळरानातल्या गावांत एक-दोन महिने आधी बुकिंग केलं तरी चालतं.

तिसरी गोष्ट शटल बस. मोरेन लेकला २०२३ पासून खासगी गाड्यांना बंदी आहे. राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या पार्क्स कॅनडाची शटल, ‘रोम’ नावाची बॅन्फची सार्वजनिक बस किंवा परवानाधारक टूर कंपन्या एवढेच पर्याय. पार्क्स कॅनडाच्या शटलच्या काही जागा वसंत ऋतूत एकदम खुल्या होतात आणि मोठा वाटा प्रवासाच्या दोन दिवस आधी, सकाळी आठ वाजता. भारतात तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. वसंतातली संधी हुकली तर घाबरू नका. दोन दिवस आधीच्या त्या क्षणाला फोन घेऊन तयार राहा. एकाच तिकिटात मोरेन आणि लुईस दोन्ही तलाव होतात, कारण दोन्हींच्या मध्ये जोडबस धावते.

चौथं, प्रवेशाचे पास. वॉटरटन, बॅन्फ, जॅस्पर आणि एडमंटनजवळचं एल्क आयलंड ही चारही राष्ट्रीय उद्यानं एकाच पासवर होतात. रोजचा पास मोठ्या माणसाला साधारण ११ डॉलर, एका गाडीतल्या सात जणांपर्यंतच्या गटाला मिळून साधारण २२, आणि १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश मोफत. उद्यानांत आठवडाभर असाल तर वर्षाचा डिस्कव्हरी पास त्याच पैशात पडतो. मात्र २०२५ च्या उन्हाळ्यात कॅनडा सरकारनं प्रवेश सगळ्यांनाच मोफत ठेवला होता, तेव्हा पास घेण्याआधी यंदाची घोषणा वाचा. कॅननॅस्किस हा डोंगराळ भाग प्रांत सरकारचा असल्यामुळे तिथे हा पास चालत नाही. तिथे थांबायचं तर गाडीमागे दिवसाला १५ डॉलरचा वेगळा पास ऑनलाइन काढावा लागतो.

गाडी आणि रस्ता

माळरान गाडीशिवाय होत नाही. फक्त बॅन्फ पाहायचं असेल तर कॅलगरीहून बस आहे आणि पुढे रोम बसनं उत्तम फिरता येतं. पण या बेतासाठी स्वतःची गाडी हवी. भारतीय परवान्याबरोबर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. कॅलगरीत घेतलेली गाडी एडमंटनला सोडायची असेल तर त्याचे जादा पैसे पडतात. बुकिंग करतानाच ती रक्कम विचारा आणि तीनशे किलोमीटर परत येण्याच्या खर्चाशी ताडून बघा.

गाडी उजव्या बाजूनं चालवायची, हे दोन तासांत अंगवळणी पडतं. अडखळायला होतं ते चौकातल्या नियमांपाशी. चारही बाजूंना ‘स्टॉप’ची पाटी असेल तर प्रत्येकानं पूर्ण थांबायचं, आणि जो आधी थांबला तो आधी निघतो. लाल दिव्यावर पूर्ण थांबून, रस्ता मोकळा असेल तर उजवीकडे वळता येतं. मैदानं आणि शाळांच्या टापूत वेग ३० वर आणायचा. मोठ्या महामार्गावर मर्यादा ११० असते, पण उद्यानांच्या आत ९० आणि त्याहून कमी. कडेला दिवे लावून पोलीस, रुग्णवाहिका किंवा टोइंगची गाडी थांबलेली असेल तर शेजारच्या लेनमधून ६० च्या वर जाऊ नका.

नकाशे फोनवर आधीच उतरवून ठेवा. डोंगरात शेकडो किलोमीटर रेंज नसते. रस्त्यांची ताजी स्थिती ‘५११ अल्बर्टा’ या सरकारी सेवेवर दिसते. खरेदीवर फक्त पाच टक्के केंद्रीय कर लागतो. प्रांताचा विक्रीकर इथे नाही, त्यामुळे थर्मल कपडे, बूट वगैरे भारतातून ओझं करून नेण्यापेक्षा कॅलगरीत घेतलेले बरे.

कॅलगरी: दोन दिवस

मुंबई-पुण्याहून थेट विमान नाही. लंडन, फ्रँकफर्ट, ॲम्स्टरडॅम किंवा कॅनडातल्याच टोरांटो-व्हँकुव्हरमार्गे यावं लागतं. सामानात खाण्याचं काहीही असेल, अगदी मेतकुटाची पुडी असली तरी, कस्टम्सला जाहीर करा. जाहीर केल्यावर फार तर ते काढून घेतील. लपवलं तर दंड बसतो.

पहिल्या दिवशी पहाटे तीनला जाग येईल. उजाडलं की शहराच्या उत्तरेला असलेल्या नोझ हिल पार्कवर जा. भर वस्तीत राखलेला हा मूळ प्रेअरी गवताचा विस्तीर्ण डोंगरमाथा. इथे उभं राहिलं की खाली शहराचे मनोरे, पूर्वेला सपाट जमीन आणि पश्चिमेला रॉकीजची बर्फाळ रांग, असं सगळं एका दृष्टिक्षेपात येतं. पुढच्या दोन आठवड्यांचा नकाशाच तो. १९६८ सालचा, १९१ मीटर उंचीचा कॅलगरी टॉवर तिकीट काढून चढण्यापेक्षा मला ही टेकडी कितीतरी अधिक मोलाची वाटते.

नंतर बो नदीच्या काठानं चाला. सँटियागो कॅलट्राव्हानं आखलेला लाल पीस ब्रिज, प्रिन्सेस आयलंड पार्क, आणि पुढे बो-एल्बो या नद्यांचा संगम. १८७५ साली घोडदळ पोलिसांनी इथेच किल्ला बांधला आणि त्याभोवती शहर उभं राहिलं. नदीच्या पाण्याला हात लावून बघा, भर उन्हाळ्यातही ते बोचरं गार असतं. हेच पाणी आठवड्यानंतर तुम्हाला उगमाशी भेटणार आहे. दुपारी २०१८ साली उघडलेलं सेंट्रल लायब्ररी अवश्य बघा. आतला लाकडी जिना आणि प्रकाश यांसाठी वास्तुकलेत रस नसलेला माणूसही रेंगाळतो. दुसरा दिवस हेरिटेज पार्कला द्या. वाफेच्या इंजिनाची गाडी, जुनी दुकानं, रँच, मुलांना दिवस पुरत नाही.

शहराच्या ईशान्य भागात पंजाबी वस्ती मोठी आहे. पीठ, डाळी, मसाले, तयार पोळ्या, सगळं तिथल्या दुकानांत मिळतं. पुढच्या प्रवासाचा शिधा इथेच भरा.

ड्रमहेलर आणि बॅडलँड्स: दोन दिवस

कॅलगरीपासून ईशान्येला १३५ किलोमीटर. वाटेत गहू आणि पिवळीधमक मोहरीच्या जातीची कॅनोला शेतं, आणि मधूनच एखादा जुना लाकडी धान्यकोठार-मनोरा. मग काहीही सूचना न देता जमीन खचते आणि रस्ता करड्या, तपकिरी, काळ्या पट्ट्यांच्या दरीत उतरतो. हेच बॅडलँड्स, म्हणजे झिजलेल्या, उघड्या खडकांचा प्रदेश. ही दरी रेड डियर नदीनं कोरलेली. हिमयुगाच्या अखेरीस वितळलेल्या पाण्याच्या लोंढ्यांनी मऊ खडक कापत नेला आणि आतले जुने थर उघडे पडले.

१८८४ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ जोसेफ बर टिरेल कोळसा शोधत इथे आले आणि त्यांना एका मांसभक्षक डायनासोरची कवटी सापडली. १९०५ मध्ये अल्बर्टा प्रांत झाला आणि त्याच वर्षी त्या प्राण्याला अल्बर्टोसॉरस हे नाव मिळालं. टिरेल यांच्या नावाचं रॉयल टिरेल म्युझियम १९८५ साली उघडलं. या विषयावरचं इतकं चांगलं संग्रहालय जगात फार थोड्या ठिकाणी असेल. चार तास हाताशी ठेवा. काचेपलीकडे जीवाश्म साफ करणारे तंत्रज्ञ प्रत्यक्ष काम करताना दिसतात. बोरिअलोपेल्टा या चिलखती डायनासोरचा जीवाश्म तर इतका अखंड आहे, की अंगावरचे खवले एकेक करून पाहता येतात. तो २०११ मध्ये फोर्ट मॅकमरीजवळच्या खाणीत सापडला.

आपल्यासाठी इथे आणखी एक धागा आहे. ड्रमहेलरच्या दरीतले बरेच थर साधारण ७.४ ते ६.७ कोटी वर्षांपूर्वीचे. सह्याद्रीचा काळा बसाल्ट ज्या लाव्हापासून झाला ते दख्खनचे महाउद्रेक साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, डायनासोर संपले त्याच सुमाराचे. म्हणजे इथे चिखलात पावलं उमटवणाऱ्या प्राण्यांचा काळ संपत आला होता, तेव्हा आपला सह्याद्री थरावर थर चढून तयार होत होता. राजगड-तोरणा चढलेल्या माणसानं या दरीच्या कड्यावर उभं राहून हे एकदा आठवावं.

गावाजवळ हुडू आहेत, म्हणजे डोक्यावर कठीण दगडाची टोपी असलेले मातीचे खांब. त्यांवर चढू नका. मऊ खडक झिजायला पावलंही पुरतात. ॲटलस कोल माइन ही जुनी कोळसा खाण मार्गदर्शकाबरोबर पाहता येते. हॉर्सशू कॅन्यन कॅलगरीच्या रस्त्यावरच आहे, तिथे उन्हं कलताना जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी १६५ किलोमीटरवरच्या डायनासोर प्रोव्हिन्शियल पार्कला निघा. १९७९ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे आणि इथे डायनासोरच्या ५० हून अधिक प्रजाती सापडल्या आहेत. उद्यानाचा महत्त्वाचा भाग बंदिस्त असून तिथे फक्त मार्गदर्शकाबरोबर जाता येतं, म्हणून फेरी आधी बुक करा. जुलैत ऊन भाजून काढतं, सावली नाही, डास आहेत आणि रॅटलस्नेकही आहेत. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, बंद बूट. संध्याकाळी दोन तास गाडी चालवून लेथब्रिजला मुक्काम.

लेथब्रिज ते वॉटरटन: गवताचं टोक, डोंगराची सुरुवात

लेथब्रिजमध्ये १९०९ सालचा लोखंडी रेल्वे पूल आहे, सुमारे १.६ किलोमीटर लांब आणि ९५ मीटरच्या आसपास उंच. दरीच्या तळाशी जाऊन तो खालून बघा. ऑगस्ट-सप्टेंबरात रस्त्याकडेला ट्रक लावून टेबर गावची मक्याची कणसं विकतात. ती घ्याच, इतकी गोड असतात की कच्चीही खाता येतात.

मग फोर्ट मॅक्लाउडच्या वायव्येला हेड-स्मॅश्ड-इन बफेलो जंप. १९८१ पासूनचं जागतिक वारसास्थळ. या कड्यावरून ब्लॅकफूट या इथल्या मूळ रहिवाशांनी आणि त्यांच्या पूर्वजांनी जवळपास सहा हजार वर्षं बायसन या रानगव्यासारख्या प्राण्याच्या कळपांची शिकार केली. माळावर मैलोन्मैल दगडांच्या लहान राशी रचून वाट आखायची, लांडग्याचं किंवा वासराचं कातडं पांघरलेल्या धावपटूंनी कळप त्या वाटेवर आणायचा आणि शेवटी तो कड्यावरून खाली लोटायचा. मांस, कातडं, हाडं, स्नायू, काहीही वाया जात नसे. कड्याच्या पोटातच बांधलेल्या संग्रहालयात ब्लॅकफूट समाजातली माणसंच हे सांगतात. घाई न करता ऐका. १८७७ मध्ये ब्रिटिश राजसत्तेशी झालेल्या ‘सातव्या तहा’नंतर या लोकांना राखीव जागांत जावं लागलं आणि १८८० च्या दशकात बायसन जवळजवळ संपले. या माळरानावर दिसणारी शेतं आणि कुंपणं त्यानंतरची आहेत, हे इथे नीट समजतं.

पुढे १०० किलोमीटरवर वॉटरटन. इथे पायथ्याच्या टेकड्या जवळजवळ नाहीत. गवत संपतं आणि पर्वत उभा राहतो. मला विचाराल तर अख्ख्या प्रांतातलं हे सर्वात सुंदर ठिकाण, आणि बॅन्फच्या मानानं गर्दी अगदी कमी. १९३२ मध्ये सीमेपलीकडच्या अमेरिकेतल्या ग्लेशियर उद्यानाशी जोडून हे जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय शांतता उद्यान झालं. दोन रात्री राहा. रेड रॉक कॅन्यनमधला लाल दगड लोहाच्या ऑक्साइडमुळे लाल आहे आणि तो सुमारे दीड अब्ज वर्षांचा. तो सरकत येऊन त्याच्याहून कितीतरी तरुण खडकांवर बसला आहे. बेअर्स हम्पची चढण दीड किलोमीटरची, पण खडी. वरून तलाव, गाव आणि मागे प्रेअरी दिसते. गुडघे दुखत असतील तर १९२७ सालच्या प्रिन्स ऑफ वेल्स हॉटेलच्या अंगणातूनही जवळजवळ तेच दृश्य मिळतं. २०१७ च्या वणव्यात उद्यानाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग जळाला. काळे पडलेले बुंधे आणि त्यांखाली उसळलेली रानफुलं, दोन्ही दिसतील. वाऱ्यासाठी विंडचीटर हवाच. हाच पश्चिमेचा वारा हिवाळ्यात चिनूक होऊन उतरतो आणि काही तासांत तापमान वीस-वीस अंशांनी वर नेतो.

हायवुड खिंडीतून बॅन्फकडे

वॉटरटनहून कॅनमोरला जायला कॅलगरी गाठायची गरज नाही. महामार्ग २२ पकडा. डावीकडे पर्वत, उजवीकडे कुरणं आणि गुरं, असा हा रस्ता लाँगव्ह्यूपर्यंत जातो. तिथे टाकी भरा आणि ५४१ वरून महामार्ग ४० ला लागा. २,२०६ मीटर उंचीची हायवुड खिंड ही कॅनडातली सर्वात उंच डांबरी खिंड. वर गाडी लावून अर्धा तास पायवाटेनं फिरा, इतक्या उंचीवरची कुरणं एरवी चढूनच गाठावी लागतात. आधी सांगितलेला कॅननॅस्किसचा पास इथे लागतो. एक तास हाताशी असेल तर सकाळी महामार्ग ३ वरून फ्रँक स्लाइड बघून या. १९०३ च्या एप्रिलमध्ये टर्टल माउंटनचा कडा दीड-एक मिनिटात कोसळला आणि खाणगावाचा एक भाग गाडला गेला. ते दगड आजही तसेच पसरलेले आहेत.

बॅन्फ: तीन पूर्ण दिवस

१८८५ मध्ये गरम पाण्याच्या झऱ्यांभोवतीची जागा राखीव झाली आणि त्यातून कॅनडाचं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान जन्मलं, आज ६,६४१ चौरस किलोमीटरचं. झरे रेल्वेच्या कामगारांनी पाहिले, हॉटेलं रेल्वे कंपनीनं बांधली. बॅन्फ स्प्रिंग्स हॉटेल १८८८ चं आहे.

पहिला दिवस गावाभोवती. केव्ह अँड बेसिन हे गरम झऱ्यांचं ठिकाण, बो धबधबा, आणि पायी किंवा गोंडोल्यानं, म्हणजे केबल कारनं, सल्फर माउंटन. दुपारी लेक मिनिवांका. ज्येष्ठ मंडळींसाठी गोंडोला पैसे वसूल करणारा आहे.

दुसरा दिवस दोन तलावांचा. शटलची पहिली-दुसरी फेरी घ्या. मोरेन लेकच्या टोकाला दगडांची रास आहे, पायऱ्या चढून वर जा. समोरची दहा शिखरं एकेकाळी कॅनडाच्या वीस डॉलरच्या नोटेवर होती. पाण्याचा निळा रंग आकाशाचा नव्हे. हिमनदी खडक दळते, त्याची पिठासारखी भुकटी पाण्यात तरंगत राहते आणि निळा-हिरवा प्रकाश विखरून परत पाठवते. बर्फ जोरात वितळायला लागल्यावर हा रंग भरतो, म्हणून मेमध्ये गेलेल्यांना तो सापडत नाही. लेक लुईसला काठावर थांबू नका. लेक अ‍ॅग्नेसच्या टी हाउसपर्यंत साडेतीन किलोमीटर चढ आहे, उंची साधारण चारशे मीटर. सिंहगड पायी चढणाऱ्याला जमेल अशी वाट. रोख पैसे जवळ ठेवा.

तिसरा दिवस जॉन्स्टन कॅन्यनला, सकाळी आठच्या आत. खालच्या धबधब्यापर्यंत साधारण सव्वा किलोमीटर, वरच्यापर्यंत अडीच. उरलेला वेळ हवामानासाठी राखीव.

महामार्गावर जाळीचं कुंपण आणि झाडं लावलेले पूल दिसतील. ते प्राण्यांसाठी आहेत. बॅन्फमध्ये असे ६ पूल आणि ३८ भुयारी वाटा आहेत. अस्वल, लांडगा, कूगर (पहाडी सिंह) यांच्यापासून १०० मीटर, एल्क (मोठं हरीण) आणि इतर हरणांपासून ३० मीटर अंतर हा नियम आहे. पायवाटेवर अस्वलाचा स्प्रे कमरेला लावा, पिशवीत नको, आणि बोलत चाला. स्प्रे विमानात चालत नाही, तो इथेच घ्या किंवा भाड्यानं मिळवा. गाडीतून अस्वल दिसलं तर खाली उतरू नका आणि रस्ता अडवू नका. माणसांना सरावलेलं अस्वल बहुधा जिवाला मुकतं.

आइसफील्ड्स पार्कवे: एक अख्खा दिवस

लेक लुईस ते जॅस्पर २३२ किलोमीटर. नकाशा तीन तास सांगेल, तुम्ही दहा तास धरा. लेक लुईसला टाकी पूर्ण भरा. वाटेत फक्त सॅस्कॅचवान क्रॉसिंगला पंप आहे आणि तो महाग. जेवण बरोबर घ्या.

पहिला थांबा बो लेक. कॅलगरीत जिच्यात हात बुडवला ती नदी इथून सुरू होते, वरच्या बो हिमनदीतून. इथे तासभर बसा. पुढे पेटो लेक, गाडीतळापासून थोडी चढण. मग कोलंबिया आइसफील्ड हे विस्तीर्ण हिमक्षेत्र. अ‍ॅथाबास्का हिमनदीच्या पायवाटेवर वर्ष लिहिलेल्या पाट्या आहेत, बर्फ त्या त्या वर्षी कुठवर होता ते दाखवणाऱ्या. सव्वाशे वर्षांत तो दीड किलोमीटरहून अधिक मागे हटला आहे. त्या पाट्यांमधलं अंतर चालून बघणं हा इथला सर्वात खरा अनुभव. मोठ्या चाकांच्या बसनं बर्फावर नेणारी सहल महाग आहे. वयस्कर माणसं आणि मुलं बरोबर असतील तर घ्या. स्वतः दोरी ओलांडून बर्फावर जाऊ नका, खाली भेगा असतात आणि माणसं मेलेली आहेत.

या बर्फाच्या माथ्यावर स्नो डोम हे शिखर आहे. तिथून वितळलेलं पाणी तीन दिशांना जातं: पॅसिफिकला, आर्क्टिकला आणि हडसन उपसागराला. इथून निघणारी नॉर्थ सॅस्कॅचवान एडमंटनमधून वाहते. शेवटी सनवाप्टा आणि अ‍ॅथाबास्का धबधबे, आणि जॅस्पर.

जॅस्पर आणि एडमंटन

जुलै २०२४ च्या वणव्यात जॅस्पर गावातल्या सुमारे एक तृतीयांश इमारती जळाल्या. गाव पाहुण्यांसाठी पुन्हा उघडलेलं आहे, पण खोल्या कमी आणि काही पायवाटा बंद असू शकतात. निघण्याआधी पार्क्स कॅनडाच्या सूचना वाचा. इथे दोन रात्री राहा आणि गावातल्या दुकानांत, खानावळींत पैसे खर्च करा. २२ किलोमीटर लांबीच्या मलीन लेकवर होडीनं स्पिरिट आयलंडपर्यंत जाता येतं. वाटेतल्या मेडिसिन लेकमधलं पाणी चुनखडीच्या भेगांतून जमिनीखाली उतरतं आणि खाली मलीन कॅन्यनमध्ये वर येतं. २०११ पासून जॅस्पर हे रात्रीच्या काळोखासाठी राखलेलं उद्यान आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात रात्री पिरॅमिड लेकवर आकाशगंगा दिसते.

एडमंटन इथून ३६५ किलोमीटर. राजधानीच्या या शहरात मॉलपेक्षा नदीचं खोरं पाहा. हाय लेव्हल ब्रिजजवळून ते छान दिसतं. वेस्ट एडमंटन मॉल पावसाच्या दिवसासाठी ठेवा. रॉयल अल्बर्टा म्युझियम अर्धा दिवस घेतं, मुटार्ट या वनस्पती संग्रहालयाचे काचेचे चार पिरॅमिड दीड तास. शहराबाहेर विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात मुघल चारबागेच्या धर्तीवर आखलेली आगा खान बाग आहे.

एल्क आयलंड मात्र चुकवू नका. शहरापासून पाऊण तास. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माँटानातून विकत आणलेल्या बायसनच्या कळपातून इथे त्यांची जात वाचवली गेली, आणि २०१७ मध्ये इथलेच १६ बायसन बॅन्फच्या रानात परत सोडले गेले. पहाटे किंवा संध्याकाळी बायसन लूप रस्त्यावर जा, गाडीतच राहा.

दिवस कमी असतील तर

दहा दिवस असतील तर जॅस्पर एका रात्रीवर आणा, कॅलगरी एका दिवसावर, आणि डायनासोर प्रोव्हिन्शियल पार्क सोडा. आठ असतील तर एडमंटन गाळून आइसफील्डपासूनच मागे फिरा आणि कॅलगरीहून परता. फक्त सहा असतील तर ड्रमहेलर एक दिवस, वॉटरटन एक रात्र, बॅन्फ तीन रात्री. आई-बाबांबरोबर असाल तर मात्र ठिकाणं कमी करा, मुक्कामाच्या रात्री कमी करू नका. एका गावात किमान दोन मुक्काम, आणि दिवसाला गाडीत चार तासांहून जास्त बसणं नाही.